नवशिक्यांसाठी प्रेशर टाकी : बारामती-इंदापूर आवृत्ती

प्रेशर टाकी घेण्याआधी विहिरीत पाणी असावं लागतं. ही अट कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते. सुप्यापासून लोणी भापकरपर्यंतच्या जिरायती पट्ट्यात मात्र हीच पहिली पायरी असते आणि पुष्कळदा शेवटचीही. म्हणून सुरुवात तिथूनच करू. ज्यांच्या बोअरमधून नुसताच फुफाटा निघाला, त्यांनी हा लेख इथंच मिटून टँकरवाल्याचा नंबर शोधावा.

पायरी पहिली : पाणी आहे का

पाणी आहे हे कुणी सांगायचं, याचा आपल्याकडं क्रम ठरलेला आहे. आधी पाणाड्या येतो. तळहातावर आडवा धरलेला नारळ उभा राहिला की तिथं दगड ठेवायचा आणि दक्षिणा द्यायची. मग बोअरची गाडी येते. ती बहुधा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडे गावाकडची असते. गाडीवरच्या पोरांना आपल्या जमिनीच्या पोटातलं आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, पण त्यांना मराठी येत नाही आणि आपल्याला तमिळ. त्यामुळं ते ज्ञान गाडीबरोबर पुढच्या गावाला जातं.

ज्ञान एवढंच असतं : आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाषाण स्वतः पाणी धरत नाही, पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. भेग सापडली तर पाणी, नाही सापडली तर शेजाऱ्याच्या बोअरला लागलेलं पाणी ऐकायचं. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या, पलीकडच्या विहिरीला 'खोल विहीर' ठरवलं आहे. कायद्याच्या लेखी ही खोली आहे, गाडीवाल्याच्या लेखी चहाची वेळ.

भेग लागली की आरोळी येते, "दीड इंच पाणी!" चौकटीच्या खाचेतून पाणी सोडून वरच्या धारेची उंची मोजतात, तो हा दीड इंच. मोजायची रीत खोटी नाही. पण गाडी जाऊन आठवडा झाला की चावडीवर त्या दीड इंचाचे अडीच होतात, आणि उन्हाळ्यात ते अर्ध्यावर आले की दोष पाणाड्याला जातो.

तेव्हा इंच विसरा आणि दोनशे लिटरचं बॅरल आणा. मोटार चालू करा, बॅरल किती वेळात भरतं ते मोबाइलवर बघा. सात मिनिटं लागली तर मिनिटाला साधारण २८ लिटर. आता मोटार तशीच दोन तास चालू द्या आणि पुन्हा बॅरल लावा. दुसऱ्या खेपेला सातची दहा मिनिटं झाली किंवा धार गुळण्या टाकायला लागली, तर विहीर मोटारीच्या मागं पडते आहे. याला टाकी हा इलाज नाही. अशा मोटारीला कोरडी चालली की बंद करणारं पॅनेल लागतं, आणि मालकाला संयम.

ही मोजणी भाद्रपदात करू नये. भाद्रपदात सगळ्यांच्याच विहिरी श्रीमंत असतात. वैशाखात करा. कालव्याखालच्यांना आणखी एक पथ्य आहे. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकापासून वाहतो आहे, आणि माळेगाव, सणसर, लासुर्ण्याकडच्या कितीतरी विहिरी पाऊस थोडा आणि पाट जास्त पितात. आवर्तन चालू असताना विहीर तुडुंब दिसते. ते पाणी तुमचं नाही, पाझराचं आहे. पाट बंद होऊन चांगले तीन-चार आठवडे गेले की मग बॅरल लावा. येईल तो आकडा कुणाला सांगितला नाही तरी चालेल, पण कागदावर लिहून ठेवा.

पायरी दुसरी : टाकीत काय असतं

"अवो, हिच्यात तर हवाच भरलीय, पाणी कुठाय?" दुकानात पहिल्यांदा टाकी हलवून बघणाऱ्या प्रत्येक पाव्हण्याचा हा प्रश्न असतो, आणि तो एकदम बरोबर आहे. टाकीच्या पोटात रबराचा फुगा किंवा पडदा असतो. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. मोटार पाणी कोंबते, हवा दबते. नळ सोडला की दबलेली हवा पाणी बाहेर ढकलते, म्हणून तांब्याभर पाण्यासाठी मोटार सुरू होत नाही. प्रेशर स्विच दोन आकड्यांवर चालतो. साध्या घरगुती स्विचला ते २० आणि ४० पीएसआय (दाबाचं एकक) असतात : विसाला मोटार चालू, चाळिसाला बंद.

टाकी मोठी म्हणजे प्रेशर जास्त, ही समजूत आपल्या दोन्ही तालुक्यांत गाढ आहे. प्रेशर मोटार देते, स्विच ठरवतो. टाकी ते फक्त थोडा वेळ सांभाळते. शंभराऐवजी तीनशे लिटरची टाकी आणली म्हणून शॉवर जोरात येत नाही. शेजाऱ्याला मात्र ती लांबून दिसते, आणि बऱ्याच घरांत तेवढ्यासाठीच ती आणलेली असते.

शंभर लिटरच्या टाकीत किती पाणी मिळतं? इंदापूरकरांना हे समजावायला वेळ लागत नाही, कारण त्यांच्या दारात उजनी आहे. धरण ११७ टीएमसीचं म्हणायचं, पण त्यातलं जिवंत पाणी साडेत्रेपन्नच्या आसपास. बाकीचं मृतसाठा, त्यात हात घातला की उजनी 'मायनस'मध्ये गेली म्हणून पेपरात येतं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर निघतं. टाकीचं तसंच. वर १०० लिटर छापलेलं असतं. २०-४०च्या स्विचवर मोटार बंद ते मोटार चालू या मधल्या वेळात हाती येतं ३४ लिटर, म्हणजे आंघोळीच्या दोन बादल्या. उजनीच्या तळाला गाळ आहे, हिच्या पोटात हवा आहे, एवढाच फरक. बूस्टर पंपाबरोबर जी २४ लिटरची छोटी टाकी मिळते तिच्यातून आठच लिटर येतं. त्यात घंगाळाचा तळ झाकला जातो.

पायरी तिसरी : माप

इथं दुकानदार विचारतो, "घरात माणसं किती?" हा प्रश्न रेशनकार्डासाठी ठीक आहे. टाकीचं माप माणसांवर नसतं, मोटारीवर असतं. मोटार एकदा सुरू झाली की एक एचपीपर्यंतची निदान मिनिटभर आणि त्याहून मोठी दोन मिनिटं सलग चालली पाहिजे. कारण सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. दर दहा सेकंदांनी चालू-बंद करणारी सबमर्सिबल आतून तापत राहते, आणि एक दिवस ती भरायला टाकावी लागते. भरायला टाकलेली मोटार कधी परत येते, ते सांगणारं मार्गदर्शन अजून कुणी लिहिलेलं नाही.

म्हणजे हिशेब सोपा. बॅरलनं काढलेले मिनिटाचे लिटर घ्या, त्याला तिनानं गुणा. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी, तर शंभर लिटरची टाकी. मोटार एक एचपीपेक्षा मोठी असेल तर दुप्पट. बाकी जे काही ऐकाल ते दुकानात त्या दिवशी कुठलं माप पडून आहे त्यावर ठरलेलं असतं.

एक विनंती. उसासाठी बसवलेल्या साडेसात एचपीच्या मोटारीतून पाइप काढून घराला प्रेशर टाकी जोडायचा विचार गावात निदान एकाच्या मनात येतो आणि पुढं त्याच्या मेव्हण्यालाही तो पटतो. तीन गुणिले दोन करून बघा. जी टाकी लागेल ती घराच्या दारातून आत जाणार नाही.

पायरी चौथी : वीज

आता खरी अडचण. शेतीच्या फीडरला तीन फेज वीज आठ तास मिळते, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. पाळी बदलते तसं घराचं वेळापत्रक बदलतं. बोअर शेतीच्या कनेक्शनवर असेल तर उरलेल्या सोळा तासांत तुमच्या शंभर लिटरच्या टाकीची किंमत ३४ लिटर. सकाळी सहाला पहिला माणूस उठून आंघोळ करतो, दुसऱ्याच्या डोक्याला साबण लागलेला असतो, आणि टाकी संपते. पुढचा संवाद छापण्यासारखा नसतो.

म्हणूनच आपल्याकडं स्लॅबवर काळी टाकी असते. ती प्रेशर साठवत नाही, पाणी साठवते. हजार लिटर म्हणजे हजार लिटर, वीज असो वा नसो. तिचं दुखणं उंचीचं आहे. सव्वादोन-अडीच फुटांच्या उंचीला एक पीएसआय मिळतो. बारा फुटांवरच्या टाकीतून खालच्या नळाला पाच. चाळीस पाहिजेत तर टाकी ब्याण्णव फुटांवर न्यावी लागेल, आणि तेवढं उंच घर निमगाव केतकीत बांधायला घेतलं तर लोक पानमळा सोडून बघायला येतील.

हापशाच्या दिवसांत हा प्रश्नच नव्हता. देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू' हापसा सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका स्वतःच शिकलेल्या मिस्त्रीच्या पंपावरून घडवला गेला. त्याला ना स्विच होता ना टाकी. प्रेशर घरातल्या बाईच्या खांद्यात होतं, आणि त्याचं माप कुणी घेतलं नाही.

तर वीज बेभरवशाची असेल तिथं सरळ मार्ग हा : विहिरीतून काळ्या टाकीत पाणी भरा आणि काळ्या टाकीच्या खाली घरच्या सिंगल फेजवर अर्ध्या एचपीचा बूस्टर बसवा, २४ लिटरच्या छोट्या टाकीसकट. विहिरीतून थेट प्रेशर टाकीत पाणी घ्यायची चैन गावठाण फीडरवरच्या, वैशाखातही न हटणाऱ्या विहिरीच्या मालकांनी करावी. असे लोक पाटाखाली आहेत. जिरायतीत असतील तर त्यांनी ते गुपित ठेवलेलं बरं.

पायरी पाचवी : बसवणं

प्लंबर आणि वायरमन एकाच दिवशी येत नाहीत, हे धरून चाला. टाकी मोटारीजवळ, सावलीत, पक्क्या ओट्यावर ठेवा. ती स्लॅबवर चढवायचा आग्रह घरातली वडील मंडळी धरतील, कारण टाकी म्हटली की ती वरच असते. त्यांना नाही म्हणू नका. "आबा, बघू पुढच्या रविवारी" म्हणा.

टाकीत पाणी सोडायच्या आधी हवा तपासा. स्विच विसाला चालू होत असेल तर हवा अठरा, म्हणजे चालू आकड्यापेक्षा दोननं कमी. टाकीच्या डोक्यावर मोटारसायकलच्या ट्यूबसारखा वॉल्व्ह असतो, तेव्हा गावातला पंक्चरवाला हे काम प्लंबरपेक्षा चांगलं करतो. त्याच्याकडं मीटर असतो आणि तो मीटर वाचतो. पुढं वर्षातून दोनदा मोटार बंद करून, टाकी पूर्ण रिकामी करून, हीच हवा पुन्हा बघायची. वॉल्व्ह दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतलं रबर फाटलं. ते बदलता येत नसेल तर ती टाकी आता गुरांना पाणी पाजायच्याही उपयोगाची नाही, कारण तिला तोंडच नसतं.

मोटार आणि टाकीच्या मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं फिरू न देणारा वॉल्व्ह, हवाच, नाही तर कोंबलेलं पाणी रात्रभर परत विहिरीत जात राहतं आणि मोटार रात्रभर ते परत आणत राहते. घरात एकही नळ गळका असेल तरी हेच. सासूबाईंना मध्यरात्री 'टक्' असा आवाज ऐकू येतो, त्या उठून बसतात, आणि दुसऱ्या दिवशी मोरगावला नारळ बोलला जातो. आधी न्हाणीतला वायसर बदलून बघावा.

सोलर असणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. स्लॅबवरचे काचेच्या नळ्यांचे बहुतेक सोलर बिनप्रेशरचे असतात. त्यांच्यात थेट प्रेशरचं पाणी सोडलं तर हंडा फुगतो किंवा शिवणीतून फाटतो. सोलरला पाणी काळ्या टाकीतूनच द्यायचं, प्रेशरची लाइन वेगळी काढायची. प्लंबर म्हणेल, काही होत नाही. त्याच्या घरी सोलर आहे का, ते विचारा.

आणि कालव्याखालच्या क्षारपड भागातल्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी स्विचला जाणारी बारीक नळी काढून तारेनं साफ करावी. मचूळ पाण्याचा पांढरा थर त्या भोकात बसला की स्विचला प्रेशर कळत नाही, आणि मोटार एक तर थांबत नाही, नाही तर उठतच नाही. लोक मोटार काढतात, विहिरीत उतरतात, वायरमनला शिव्या देतात. बिघाड असतो तो बोटभर नळीत.

आमचा निकाल असा : बारामती आणि इंदापुरातल्या दहा घरांपैकी निदान सात घरांना मोठी प्रेशर टाकी लागत नाही. त्यांना हजार लिटरची काळी टाकी, तिचं घट्ट झाकण आणि छोटा बूस्टर पुरतो. उरलेल्यांनी बॅरल लावावं, तिनानं गुणावं आणि मग दुकानात जावं. स्विच बसवून झाला की त्याचं झाकण स्क्रूनं आवळून घ्या. मुंग्या आणि पाली आत शिरतात ते तिथूनच.