बाबांच्या रॅकवरची रिकामी जागा

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स

तीर्थरूप बाबा आणि आई,

पत्रास कारण की, बाबा, तुम्ही फोनवर पुन्हा विचारलंत, "तुझं औषध आपल्या दुकानात कधी येणार? रॅकवर जागा ठेवलीय." कृपा करून तिथे तूर्त ग्राइप वॉटर ठेवा.

औषध मी बनवत नाही. एम.एस्सी.नंतर परीक्षानळीला हात लावलेला नाही. रोगाच्या मुळाशी असलेलं एखादं प्रथिन स्क्रीनवर गरागरा फिरवायचं, त्यातली खाच हेरायची आणि तिथे कोणता रेणू बसेल याचा हिशेब मांडायचा, एवढंच माझं काम. धाकटीने शाळेत सांगितलं, "माझे बाबा ऑफिसात गेम खेळतात." सौ.ने ते खोडून काढलं नाही.

खाचेत बसणारे रेणू ढिगाने सापडतात. पण 36 गुण जुळले म्हणून संसार होतोच असं नाही. प्रथिन पाण्यात सारखं डुलत असतं. ते डुलणं मोजायला कॉम्प्युटर दोन-दोन फेमटोसेकंदांची पावलं टाकतो. रात्रभर यंत्रं घरघरली तरी सेकंदाचा लाखावा भागही पुरा होत नाही. वीजबिल कंपनी भरते, म्हणून मला झोप लागते.

खरी परीक्षा सोमवारच्या मीटिंगला. प्रत्यक्ष रेणू बनवणाऱ्या खात्याच्या बाई माझी यादी घेऊन लाल पेन उघडतात. "हा बनवायला वर्ष जाईल." काट. "याला लिव्हर तासाभरात संपवेल." काट. "हा पाण्यात विरघळणार नाही, पेशंटला विटेची भुकटी चारायची का?" काट. लिपिन्स्की यांनी 1997 साली घालून दिलेला, रेणूभार 500 च्या आत ठेवा वगैरे नियम त्या मला दर वेळी नव्याने ऐकवतात. उरलेल्यांतला एखादा बनतो, चाचणीत ढिम्म राहतो, आणि मग बाई मला बिस्किट देतात. त्या बिस्किटाइतकं झोंबणारं काही नाही.

2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल कॉम्प्युटरने प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्यांनाही मिळालं, तेव्हा काकांनी फॅमिली ग्रुपवर माझंच अभिनंदन केलं. त्यांना सांगा, आकार कळला म्हणून औषध मिळत नाही. रेणू ते गोळी हा रस्ता दहा-बारा वर्षांचा, आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्यांतलेही दहातले नऊ गळतात.

पण गिऱ्हाइकाला काही दाखवायचंच असेल, तर काचबिंदूचे डॉर्झोलामाइडचे थेंब दाखवा. 1995 साली बाजारात आले. प्रथिनाचा आकार समोर ठेवून बेतलेल्या पहिल्या औषधांपैकी ते एक. माझं त्यात काही नाही, हेही सांगा. (नाही सांगणार, ठाऊक आहे.)

आणि आत्याच्या गुडघ्याचे एक्स-रे मला पाठवू नका. तिला हाडांच्या डॉक्टरकडे न्या, याच आठवड्यात.

तुमचा,
बाळू