आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक व्हा (सुरुवात मुरबाड तालुक्यातल्या सरळगावपासून)

गळ्यात ओळखपत्र, अंगात खिसेवालं जाकीट, हातात फाईल आणि परक्या देशातली निवडणूक बघायला जायची हौस, असा ज्या तरुण-तरुणींचा बेत आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. शहापूर-मुरबाडकरांना प्राधान्य. शिक्षणाची अट नाही. पायपिटीची सवय लागते, ती आपल्याला आहेच. तोंड बंद ठेवायचीही सवय लागते, आणि घोडं तिथेच अडतं.

पायरी पहिली: दार कुठे आहे ते बघा

युरोपीय संघ आपल्या निरीक्षक मोहिमांवर बहुतेक आपलेच नागरिक पाठवतो. वॉर्साला युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचं ओडीएचआर नावाचं मोठं कार्यालय आहे, पण तिथे त्यांच्या सदस्य देशांची माणसं लागतात आणि भारत सदस्य नाही. आपल्यासाठी खिडकी उघडी आहे ती बँकॉकची. तिथे १९९७ पासून ‘अ‍ॅनफ्रेल’ नावाचं आशियाई संस्थांचं जाळं आहे. आशियातल्या एका देशातले कार्यकर्ते ते दुसऱ्या देशातली निवडणूक बघायला पाठवतं. अर्ज केलात की पहिला प्रश्न येणार, अनुभव काय?

म्हणजे अनुभव घरीच मिळवायला हवा. इथे दुसरं दार आडवं येतं. निवडणूक संचालन नियम, १९६१ उघडा. मतदान केंद्रात कुणाला सोडायचं याची यादी त्यात आहे: मतदान कर्मचारी, कामावरचे सरकारी नोकर, आयोगाने परवानगी दिलेली माणसं, उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी, अंध किंवा अपंग मतदाराचा सोबती, आणि मतदाराच्या कडेवरचं मूल. ‘लोकशाहीवर प्रेम असलेला होतकरू तरुण’ या यादीत नाही. कडेवर बसायचं तुमचं वय गेलं. पोलिंग एजंट झालात तर आत खुर्ची मिळते, पण ती एका उमेदवाराची खुर्ची. उरला सोबती. त्याला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात आणि एका दिवसात एकाच मतदाराला सोबत करता येते. तेव्हा आळीतल्या एखाद्या अंध आजोबांशी आत्तापासून गोडीने वागा. एरवीही वागायला हरकत नाही.

परदेशी माणसं आपल्याकडे येतच नाहीत असं मात्र नाही. २०२४ च्या लोकसभेला निवडणूक आयोगाच्या बोलावण्यावरून २३ देशांचे ७५ पाहुणे आले आणि सहा राज्यांत फिरले. महाराष्ट्रातला त्यांचा मुक्काम शेजारच्या रायगडात, ७ मे च्या मतदानाला. शहापूर आणि मुरबाड येतात भिवंडी लोकसभेत, आणि आपलं मतदान होतं २० मे ला. समुद्र बघून पाहुणे माघारी गेले, माळशेजच्या पायथ्याशी कुणी फिरकलं नाही. ही जागा अजून रिकामी आहे असं समजून पुढे वाचा.

पायरी दुसरी: हात मागे बांधा

२७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत या कामाची तत्त्वं आणि आचारसंहिता जाहीर झाली. तिचा मथितार्थ असा: बघा, विचारा, लिहून घ्या, पण मध्ये पडू नका. केंद्राध्यक्ष समोर ढळढळीत चुकत असला तरी ‘अहो साहेब, ते पाकीट आधी’ म्हणायचं नाही. वहीत वेळ टाकायची आणि गप्प बसायचं. गावात जन्मलेल्या माणसाला हे किती जड जातं ते वेगळं सांगायला नको.

सरावाला ग्रामपंचायतीची निवडणूक घ्या. तिला पक्षाची चिन्हं नसतात, पण भाऊबंदकी असते, आणि ती कुठल्याही पक्षापेक्षा जुनी असते. चुलता एका पॅनलमध्ये, मामा दुसऱ्यात, आणि बांधाचं भांडण दोघांच्या मध्ये. अशा घरी जाऊन निरीक्षक म्हणून बसायचं. भेटवस्तू घेऊ नये असं आचारसंहिता सांगते. पण चहाचं काय करायचं? त्यातून उमेदवाराचं चिन्ह कपबशी असलं आणि चहा कपबशीतूनच आला, तर तो पाहुणचार की प्रचार, यावर न्यूयॉर्कच्या कागदात काही सापडत नाही. माझा सल्ला असा: दोन्ही पॅनलकडे अर्धा अर्धा कप घ्या. साखर कुणाकडे जास्त होती ते बोलू नका. जो ग्रामपंचायतीच्या या प्रचारात तटस्थ राहिला, त्याला काठमांडूलाही धाडा नि तिबिलिसीलाही.

पायरी तिसरी: लवकर या

मोठ्या मोहिमांत दोन जातीचे निरीक्षक असतात. एक मतदानाच्या दोन-चार दिवस आधी उतरतात, फोटो त्यांचे छापून येतात. दुसरे महिना-दीड महिना आधी येऊन एखाद्या आडगावी खोली घेतात, सभा ऐकतात, याद्या चाळतात, कचेऱ्यांत खेटे घालतात. काम हे दुसरे करतात. तुम्ही दुसऱ्यांत जा. मुरबाडला रेल्वे येणार, हे वाक्य प्रचारात पहिल्यांदा कधी ऐकलं ते आजीला विचारा आणि वहीत लिहा. दीर्घकालीन निरीक्षणाचा याहून चांगला पाठ माझ्या माहितीत नाही.

स्वयंसेवकांनी काय होतं असं घरचे विचारतील, तेव्हा १९८६ चं फिलिपाईन्स सांगा. हुकूमशहा मार्कोसच्या त्या निवडणुकीत अमेरिकेतून सिनेटर आले होते खरे, पण मतपेट्यांभोवती कडं करून उभे राहिले ते ‘नॅमफ्रेल’ या तिथल्याच संस्थेचे स्वयंसेवक. विद्यार्थी, शिक्षक, गृहिणी, शेजारी जोगिणी. आणि परदेशाचं म्हणाल, तर परक्यांच्या निवडणुकीवर देखरेख करायचा मान भारताकडे फार आधी आलाय: १९५३ साली सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते.

पायरी चौथी ते सातवी: प्रवास

पहाटे एसटी नाही. आदल्या रात्रीच मुक्कामाला जा.

पायरी आठवी: साडेपाचचा गजर

मतदान सातला असलं तरी खरा खेळ त्याच्या दीड तास आधी, अभिरूप मतदानाचा. पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा, भिंतीवर अ अननसाचा, बाकांवर रात्रभर अवघडून झोपलेले कर्मचारी. दोन एजंट आले आहेत, एक जांभई देतोय, दुसरा पहिल्याकडे बघून देतोय. किमान ५० मतं टाकून दाखवायची, प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’लाही. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पडते. मग बेरीज यंत्राशी ताडायची, ‘क्लिअर’चं बटण दाबून यंत्र शून्यावर आणायचं, चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात बंद करायच्या. हे क्लिअर करायचं राहिलं तर संध्याकाळी पन्नास मतं जास्त निघतात आणि मग झोप कुणालाच नाही. हे बटण दाबताना तुम्ही कुठे बघत होता, यावर तुमची निरीक्षक म्हणून किंमत ठरते. खिडकीबाहेर कोंबडा बघत असाल तर इथेच थांबा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करा.

संध्याकाळी सहाला जे रांगेत उभे असतील त्यांना मत देता येतं. त्यासाठी केंद्राध्यक्ष सहीच्या चिठ्ठ्या वाटतो, त्या रांगेच्या शेपटाकडून पुढे. पुढून वाटायला घेतल्या तर शेपूट वाढतच जाणार. एवढी साधी युक्ती, पण ती ज्याने काढली त्याने नक्कीच गावात रेशनचं दुकान बघितलं असावं. मग नमुना १७-क, म्हणजे किती मतं पडली त्याचा हिशेब. त्याची प्रत एजंटला मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका, असं एजंटला सांगायचा मोह तुम्हाला होईल. सांगू नका. पायरी दुसरी.

मतदाराच्या ओळखीवर एजंटला आक्षेप घ्यायचा तर केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये अनामत ठेवावी लागते. दोन रुपयांत आता कटिंगही येत नाही. पण पाड्यावर आक्षेप घेणार कोण? सगळ्यांना सगळे ओळखतात. दोन रुपये वाचतात.

पायरी नववी: रांगेत नसलेले मोजा

निरीक्षकाच्या छापील अर्जात रांग किती लांब, शाई लावली का, गोपनीयता होती का, असे रकाने असतात. रांगेत कोण नाही, असा रकाना सहसा नसतो. तो तुम्ही हाताने आखा.

त्याची तालीम उन्हाळ्यात टँकरवर करा. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मे मध्ये पाड्यांवर टँकर. हंड्यांची रांग लागली की वहीत टिपा: पहिले हंडे कुणाचे, मध्येच कुणाचा हंडा पुढे सरकला, भांडण मिटवलं कुणी, कुणाच्या दारापर्यंत टँकर जातोच आणि कुणाचा पाडा चढावर असल्याने राहून जातो. हंडे मोजणं सोपं आहे. जिचा हंडा आलाच नाही, तिच्या घरी जाऊन विचारणं अवघड.

आता विधानसभा. २०२४ चं मतदान २० नोव्हेंबरला झालं. दिवाळी झाली, भातं निघाली, की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. हंगामाआधीच मालकाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, आणि मजुरी हजार विटांमागे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची असं कायद्यात आहे, रोजंदारीवाल्यांनाही. पण विटांच्या हिशेबात पगारी सुट्टी कुठे बसवायची? नाव पाड्याच्या यादीत, माणूस भिवंडीकडच्या किंवा कल्याणकडच्या भट्टीवर. केंद्रावर सगळं ठीकठाक: शाई ताजी, यंत्र चोख, रांग शिस्तीची. अहवालात ‘मतदान शांततेत पार पडलं’ लिहायला निघाला असाल, तर लिहा. कुलूप लावलेल्या झोपड्यांत शांतता असतेच. फक्त त्याआधी यादी घेऊन पाड्यावर एक फेरी मारा, शेजाऱ्यांना विचारा आणि त्या आखलेल्या रकान्यात आकडा भरा. हे काम परदेशी पाहुण्याला जमणार नाही. त्याला भट्टीचा रस्ता माहीत नाही आणि पाड्यावरच्या मावशी त्याच्याशी बोलणार नाहीत. तुमच्याशी बोलतील, तुम्ही कुणाचे ते आधी विचारून.

पायरी दहावी: नाव नोंदवा

वय सतरा पार झालं असेल तर मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण लागायची, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरतात. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुधा तुमच्याच शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई असतील. त्यांना शोधावं लागत नाही, तेच तुम्हाला शोधत असतात.

पायरी अकरावी: घरी परतल्यावर

अहवालात प्रक्रिया असते: केंद्रं उघडली कधी, मोजणी झाली कशी, तक्रारींचं पुढे काय झालं. कोण जिंकलं यावर निरीक्षक मत देत नाही. पण तुम्ही बाहेरदेशी जाऊन आलात म्हणून वाड्यातली सगळी ओटीवर जमणार आणि कुणीतरी काका पहिल्याच वाक्याला विचारणार, ‘ते राहू दे, आलं कोण?’ म्हणून त्या देशाचा निकाल एका चिठ्ठीवर लिहून वरच्या खिशात ठेवा.