फेसावरून पावडर कशी पारखावी

कपडे धुण्याची पावडर घेताना पाकिटामागचा बारीक मजकूर वाचण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे ‘सर्फॅक्टंट’ नावाचा घटक दिसतो आणि खरेदीतली गंमत जाते. मळ काढण्याचं मुख्य काम तोच करतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. शर्टाच्या कॉलरवरच्या काळ्या पट्टीत ही तेलवेडी टोकं घुसतात, मळाला चहूबाजूंनी घेरतात आणि पाण्यात ओढून नेतात. यात फेसाचं कर्तृत्व फारसं नाही. पण घेराव कुणाला दिसतो? फेस दिसतो. म्हणून आपण फेसच पारखावा.

बादलीत पावडर टाकून हात कोपरापर्यंत बुडवावा आणि घुसळावं. फेस काठाला आला नाही, तर आणखी एक मूठ टाकावी. पाकिटावरचं माप दुसऱ्यांसाठी असतं. मात्र तेला-घामाचे कपडे पडताच फेस खाली बसतो, कारण सर्फॅक्टंट मळाच्या मागे लागतो. भरघोस फेस हवाच असेल तर आधीच स्वच्छ असलेले कपडे धुवावेत. निकाल खात्रीचा.

बोअरच्या जड पाण्यासाठी साधी साबणाची वडीच आणावी. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी तिची गट्टी जमते आणि बादलीच्या कडेला पांढुरका, चिकट साका धरतो. डिटर्जंटला या पाण्याचा तितका त्रास होत नाही, त्यामुळे ही शोभा त्यात मिळत नाही.

भाव बघून दर्जा ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट कानाआड करावी. झगझगीत पाकिटातली पावडर असो की कोपऱ्यावरची सुटी, बहुतेकींच्या पोटात सोड्याने मारून सर्फॅक्टंट बनवलेली तीच ‘अ‍ॅसिड स्लरी’ असते. फरक तिचं प्रमाण, एन्झाइम आणि वास यांचा. (वासाचे पैसे आपण आनंदाने देतो.)

फेसाच्या भक्तांसाठी 1950 चं दशक सुवर्णयुग होतं. तेव्हाच्या सर्फॅक्टंटची रेणूसाखळी फांद्यांची होती, जिवाणूंना ती सहज पचेना, आणि अमेरिका-युरोपातल्या नद्यांवर फेसाचे ढीग तरंगत. 1960 च्या दशकात कारखान्यांनी सरळ साखळी आणली आणि तो सोहळा बराच आवरला.

इतकं करूनही टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक झाला, तर त्यात पावडर उरली असू शकते. तो साध्या पाण्यातून पुन्हा काढा आणि पुढच्या धुण्याला ती जादा मूठ टाकू नका.