सावळे होत जाणारे देव

खिडकीसमोरच्या भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर निळी दिसू लागली की समजावं, ऊन रोज नेमानं तिच्या दर्शनाला येत होतं. छापील चित्रातली किरमिजी आणि पिवळी शाई आधी हार मानते. निळी बराच काळ तग धरते. म्हणून लक्ष्मीचं लाल पातळ फिकुटतं, हातून ओघळणाऱ्या मोहरा राखाडी होतात. गणपती, दत्त, सरस्वती सगळेच हळूहळू सावळे होत जातात. निर्धास्त असतो तो एकटा कृष्ण. सगुणाकडून निर्गुणाकडे जाणारी वाट दुपारच्या उन्हातूनही जाते, हे कुठल्या पोथीत वाचलं नव्हतं.

तसबिरीची साधी काच स्वभावानं भिडस्त. अतिनील किरणांतल्या दांडगटांना ती अडवते. 400 नॅनोमीटरच्या जरा अलीकडच्यांना मात्र ओळखीच्या पाहुण्यांसारखं आत घेते. खास काच त्यांतल्या 99 टक्क्यांपर्यंत किरणांना थोपवते. पण ज्या उजेडात चित्र दिसतं, तोही रंग खातोच, फक्त सावकाश. म्हणून संग्रहालयांत जलरंगांवर 50 लक्सइतकाच मंद उजेड सोडतात; 500 लक्सखालचा 1 तास म्हणजे तिथले 10 तास. आणि उडालेला रंग अंधारात विसावा घेऊन परत येत नाही. पाहणं हेच झिजवणं, असा हा अवघड प्रेमाचा मामला.

हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाला तो नेमका कळला होता. चित्रकार टर्नरची 38 जलरंगचित्रं त्याच्या इच्छापत्रानुसार 1900 साली एडिंबराच्या राष्ट्रीय कलादालनाकडे आली, ती अट घेऊनच: चित्रं फक्त जानेवारीत मांडायची, आणि फुकट दाखवायची. तिथला सूर्य तेव्हा अगदी क्षीण असतो. उरलेले महिने चित्रं अंधारात निजतात. देवाला निजवण्याची सोय आपल्याकडेही आहे, चातुर्मासाची. पण ती मिळाली विष्णूला, ज्याचा रंग मुळातच उडत नाही!

आमच्या आजीनं एकदा तिची निळसर लक्ष्मी फ्रेमवाल्याकडे नेली आणि ‘ऊन न खाणारी’ काच मागितली. तो हसला. “आजी, चित्र कॅलेंडरातलं. काच त्याच्या कितीतरी पट महाग पडेल. त्यापेक्षा नवी लक्ष्मीच बसवून देतो की.”

आजीनं तसबीर पदराखाली घेतली. “अरे, त्या नव्या लक्ष्मीला माझ्या घरातलं काय ठाऊक?”