आहेस तशीच छान, फक्त मलम लाव

ऑस्ट्रेलियात १९७० साली निघालेलं ‘डॉली’ हे किशोरींचं मासिक. एका पानावर आहेस तशीच छान आहेस हा दिलासा. पान उलटलं की मुरुमांवरचं मलम. ‘डॉली डॉक्टर’ या सदरात मात्र घरी विचारायची सोय नसलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळत, एवढं श्रेय द्यायलाच हवं. पण मासिक मॉडेल स्पर्धाही भरवायचं. १९९७ मध्ये ती मिरँडा कर हिनं जिंकली, वय वर्षं तेरा! शिवाय ‘डॉली फिक्शन’च्या प्रेमकथा होत्याच. ज्यांना ना मुकुट, ना नायक, त्यांनी मुकाट्यानं पुढचा अंक घ्यावा. छापील अंक २०१६ मध्ये थांबला. आता तीच स्पर्धा मोबाईलवर रोज भरते, आणि तिथं डॉक्टरीणबाईही नाहीत.