नॅनोमीटरशी व्यवहार करू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांस

ज्या समाजाने चौसष्ट पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ रोजी एका रात्रीत शंभर नव्या पैशांचा झालेला पाहिला, आणि त्यानंतर शेर, छटाक व तोळा ही जुनी मंडळी सरकारी दप्तरातून रीतसर बडतर्फ झाल्यावरही भाजीच्या गाडीपाशी ‘पावशेर’च मागण्याची वहिवाट सोडली नाही, त्या समाजातील गृहस्थास नॅनोमीटरची धास्ती वाटावी असे वास्तविक काही कारण नाही. तथापि ती वाटते, आणि चांगली पदवीधर माणसेही नऊ शून्ये दृष्टीस पडताच चष्मा पुसू लागतात, हे अनेकवार अवलोकनात आल्यामुळे पुढील मार्गदर्शन लोकहितार्थ सादर करीत आहोत.

प्रथम नामस्मरण. ‘नॅनो’ हा शब्द खुजा माणूस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून, खुजा म्हणताच आपल्याला जो वामन आठवतो त्याचेच येथे ध्यान करावे. कारण मीटरपासून मिलीमीटर, मिलीमीटरपासून मायक्रोमीटर आणि तेथून नॅनोमीटर अशी बरोबर तीनच पावले टाकायची आहेत, आणि प्रत्येक पाऊल हजाराचे आहे. एका मीटरात शंभर कोटी, म्हणजे एक अब्ज नॅनोमीटर भरतात ते याच हिशेबाने. पाऊल टाकताना आकडा वाढवावा की घटवावा, असा संभ्रम पडल्यास वाण्याकडे मोड मागायला गेल्याची कल्पना करावी. नाणे लहान झाले की त्यांची संख्या वाढलीच पाहिजे. मोड घेऊनही नाणी कमी भरली, तर एकतर वाणी लबाड आहे किंवा आपले दशांशचिन्ह उलट दिशेला चालते झाले आहे. वाणी सहसा लबाड नसतो.

क्षेत्रफळाच्या प्रांतात मात्र ही तीन पावले बेताने टाकावीत. तेथे प्रत्येक पाऊल हजाराचे नसून दहा लाखांचे असते, आणि हे विसरल्यामुळे बळीराजाप्रमाणे पाताळात गेलेली गणिते आम्ही पाहिली आहेत. दिवाणखान्यातील एक चौरस मीटर फरशीत किती चौरस नॅनोमीटर, असे कोणी विचारल्यास ‘एक अब्ज’ म्हणून मोकळे होऊ नये. उत्तर दहा परार्ध असे आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली संख्यांची नावे परार्धापाशी संपतात, आणि आमची साधी फरशी त्या मर्यादेच्या एक घर पुढे जाऊन बसते, याचा गृहस्थास थोडा अभिमान वाटल्यास हरकत नाही.

आता बेवारस एककांविषयी. मायक्रॉन नावाचे एक एकक १९६७ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रद्द ठरविले आणि त्याच्या जागी मायक्रोमीटर म्हणावे असा दंडक घातला. परंतु आमच्या मंडईतील मावशींना हा हुकूम अद्याप पोचलेला नाही, कारण सरकारी फर्मानेदेखील प्लास्टिकच्या पिशवीची जाडी मायक्रॉनमध्येच मागतात. २०१६ चा पन्नास मायक्रॉनचा नियम होता तेव्हा ‘पन्नासच्या वरची आहे हो, घ्या बिनघोर,’ असे म्हणून त्या जी पिशवी पुढे करीत, तिच्या जाडीत पन्नास हजारांच्या वर नॅनोमीटर असत, हे त्यांना सांगावयास जाऊ नये; आम्ही सांगितले होते, तेव्हा त्यांनी कोथिंबीर परत घेतली. संगणकाच्या चिपवर मिरवणारे ‘३ नॅनोमीटर’ हे बिरुद तर सर्वस्वी निराळ्या जातीचे आहे. ते त्या चिपवरील कोणत्याही अवयवाचे प्रत्यक्ष माप नव्हे. ती जुन्या काळच्या ‘रावबहादूर’सारखी पदवी असून तिच्यासोबत जहागीर येत नाही.

सूक्ष्म मापन ही पश्चिमेची मिरास आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. तेथे आठ परमाणूंचा एक रथचाकाने उडविलेला धूलिकण, अशा आठ कणांची एक लिक्षा, आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचे एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुल, अशी चोख उतरंड दिलेली आहे. लिक्षा म्हणजे लीख आणि यूका म्हणजे ऊ. राज्याच्या जमीनमोजणीचा पाया ज्या कारभाऱ्याने प्रजेच्या डोक्यात शोधला, त्याच्या व्यवहारज्ञानाला आमचा मुजरा असो. अंगुल सुमारे पाऊण इंचाचे धरून पाच वेळा आठाने भागले, तर कौटिल्याचा परमाणु सुमारे ५८० नॅनोमीटर भरतो, म्हणजे साधारण पिवळ्या प्रकाशाच्या एका लहरीएवढा. यावरून कौटिल्यास प्रकाशाची तरंगलांबी ठाऊक होती असा निबंध कोणी लिहील, तर त्यास सांगावे की त्या परमाणूत सोन्याचे सुमारे दोन हजार अणू ओळीने उभे राहतात, आणि मग निबंध लिहावा.

ही सर्व सिद्धता झाल्यावर प्रयोगास बसावे. आम्ही बसलो, ते पुस्तकांच्या कोनाड्यात फळी बसवायची होती म्हणून. घरातील शिवणयंत्राच्या खणातून कापडी टेप काढली, जिचा पहिला इंच कातरीने केव्हाच खाल्लेला होता, कोनाड्याची रुंदी साडेतीन फूट भरली असे ठरविले, आणि इंचाचे दोन कोटी चोपन्न लाख या अचूक भावाने रूपांतर करून ‘१०६,६८,००,००० नॅनोमीटर’ असे स्वच्छ अक्षरात कागदावर मांडले. ताळाही घेतला. लांबीची प्रमाण मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरावीत असा संकेत असून, पोलादी टेप एका अंशाने तापली तरी मीटरमागे अकरा-बारा हजार नॅनोमीटर वाढते, हे आम्हांस ठाऊक होते. दिवस वैशाखाचा होता आणि टेप कापडाची होती, एवढ्या दोन बाबींकडे मात्र आमचे दुर्लक्ष झाले. अर्थात खुद्द मीटरचीही जन्मपत्रिका निर्दोष नाही. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून फ्रेंचांनी सात वर्षे खपून तो ठरविला, आणि तो सुमारे दोन लाख नॅनोमीटरने आखूड निघाला. पुढे १९८३ साली प्रकाशाच्या वेगाशी त्याची सोयरीक जुळवून दिली, तेव्हा कोठे तो मार्गी लागला.

मिस्त्री आले. त्यांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि अदबीने विचारले, “साहेब, हे एस्टिमेट कुणाचं म्हणायचं?” आम्ही खुलासा करू लागलो तो त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, कोनाड्याला आपली पोलादी टेप लावली आणि म्हणाले, “साडेतीनला एक सूत कमी.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्थात एकतीस लाख पंच्याहत्तर हजार. ते आम्ही वजा टाकून १०६ कोटी ३६ लाख २५ हजार ही दुरुस्त रक्कम काढली, हातचा एक राहून गेल्याचा संशय आल्याने वजाबाकी पुन्हा केली, आणि मान वर केली तेव्हा फळी कोनाड्यात बसलेली होती, भुसा सुपलीत गेला होता आणि मिस्त्री चहाची बशी खाली ठेवत होते. मनुष्याचे नख सेकंदाला सुमारे एक नॅनोमीटर वाढते. त्या आठ-दहा मिनिटांत आमच्या हातून दुसरे काही घडले नसले, तरी प्रत्येक बोटाचे नख कौटिल्याच्या हिशेबाने एकेक परमाणु पुढे सरकले होते.