सगळ्यांचं ९८० कसं येतं?

बी.एस्सी. पहिल्या वर्षाची फिजिक्सची जर्नलं एकावर एक रचा आणि प्रत्येकात बार पेंड्युलमचं पान काढा. 'जी'ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत ९८०. खालच्या जर्नलात ९७९.६. त्याखाली ९८०.४. मग पुन्हा ९८०. पोरं वेगळी, स्टॉपवॉच वेगळी, मोजणारे हात वेगळे, उत्तर मात्र सगळ्यांचं एकच. गडहिंग्लजच्या मिरची सौद्यात प्रत्येक पोतं काट्यावर हुबेहूब सारखं भरायला लागलं, तर शेतकरी आधी काटा तपासायला लावेल. लॅबमध्ये त्याच शेतकऱ्याच्या पोराला याच गोष्टीचे पैकीच्या पैकी मार्क मिळतात.

हे एका कॉलेजचं नाही. मुंबई-पुण्यातही असंच चालतं. पण गडहिंग्लजचं बोलायला हवं, कारण पुस्तकातला आकडा गडहिंग्लजचा नाहीच.

९८०.६६५ ही किंमत १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेनं प्रमाण म्हणून ठरवली. ती साधारण ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला लागू पडते. हा पट्टा फ्रान्स आणि उत्तर इटलीतून जातो. आपण सव्वासोळा अंशांवर, सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रापासून साधारण सहाशे मीटर उंच. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, मध्यावर फुगलेली आहे, म्हणून विषुववृत्ताकडे सरकावं तसा 'जी' कमी होत जातो. उंचीमुळं आणखी थोडा घटतो. हिशोब केला तर इथं तो ९७८.३च्या आसपास येतो.

आता कुणी म्हणेल, कॉलेजच्या पट्टीला दोन-अडीचचा फरक कळणार आहे का? नाही कळणार. आणि खरं फिजिक्स तिथंच सुरू होतं. भोकं पाडलेली मीटरभर लांबीची पट्टी नाइफ एजवर अडकवली, वीस आंदोलनं मोजली, तर सुमारे ३३ सेकंद लागतात. स्टॉपवॉचचं बटण दाबताना ०.२ सेकंद इकडं-तिकडं होणारच. ते झालं सुमारे ०.६ टक्के. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून चूक दुप्पट होऊन १.२ टक्क्यांवर जाते. म्हणजे उत्तरात १२चा फरक. ९६७ आलं तरी प्रामाणिक, ९८९ आलं तरी प्रामाणिक. अख्ख्या वर्गाचे आकडे या पट्ट्यात विखुरलेले दिसले पाहिजेत. सगळे ९८०ला चिकटलेले असतील, तर ते पट्टीनं दिलेले नाहीत. ते बसवलेले आहेत. आधी उत्तर लिहिलं, मग उलटं गणित करून वेळेचे आकडे टाकले.

आजऱ्याहून, चंदगडहून एसटीनं येणाऱ्या एखाद्या पोरीचं उत्तर १०८४ येतं असं धरा. ती घाबरते, शेजारचीची वही मागते, आकडे उतरवते, सही मिळते, विषय संपतो. पण १०८४ हा आकडा बोलतो! बटण दाबताना 'शून्य' म्हणायच्या जागी तिनं 'एक' म्हटलं की मोजली जातात एकोणीसच आंदोलनं, आणि ती भागते वीसनं. वीस भागिले एकोणीसचा वर्ग करा, ९७८.३नं गुणा. बरोबर १०८४. शिक्षकानं तो आकडा नुसता पाहिला असता तरी सांगितलं असतं, "बाळ, शून्यापासून मोज." ती पोरगी ही गोष्ट जन्मात विसरली नसती. उतरवलेल्या ९८०नं तिला काय शिकवलं?

१६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलनिरीक्षक पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेन्नला गेला. विषुववृत्ताच्या उत्तरेला अवघ्या पाच अंशांवर. पॅरिसला अचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तिथं रोज अडीच मिनिटं मागं पडू लागलं. ठोके जुळवायला त्याला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरनं आखूड करावा लागला. त्यानं पॅरिसचा आकडा वहीत उतरवला नाही. घड्याळ जे सांगत होतं तेच लिहिलं. पुढं न्यूटननं 'प्रिन्सिपिया'त पृथ्वी ध्रुवांकडं चपटी असल्याचं मांडताना रिशेच्या या नोंदीचा आधार घेतला. आपल्याकडच्या प्रॅक्टिकलला बसला असता, तर रिशेला 'रिपीट' मिळाला असता.

दोष पोरांना देऊ नका. दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेलं पोर इंग्रजी पुस्तकाशी झगडत असतं, लॅबमध्ये एका उपकरणाभोवती चार-पाच जण उभे असतात, आणि मार्क कशाला मिळतात हे त्याला पहिल्या महिन्यातच कळतं. मार्क 'स्टँडर्ड व्हॅल्यू'ला मिळतात. खरे आकडे रफ वहीत असतात आणि फेअर जर्नल सर्टिफाय झालं की रफ वही रद्दीत जाते. मी म्हणतो, रफ वहीवरच सही करा. खाडाखोड असू दे. पेनानं एक रेघ मारून चुकलेला आकडा वाचता येईल असा ठेवा, व्हाइटनरला लॅबमध्ये बंदी घाला. जिथं विज्ञान खऱ्यानं चालतं तिथं मूळ नोंदवहीलाच किंमत असते.

आणि असं विज्ञानाचं काम आता फार लांबचं राहिलेलं नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रानं २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तर तो पकडायचा. तिथलं निम्मं आयुष्य 'आपल्या मापात चूक किती आणि ती कशामुळं' याच प्रश्नात जातं. ते काम गडहिंग्लजच्या पोरांनी का करू नये? पण तीन वर्षं ज्याला आकडे बसवायलाच शिकवलं, तो तिथं दारातच अडखळेल.

शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला हे बदलण्यासाठी नवी उपकरणं घ्यायला नकोत, निधीही नको. प्रॅक्टिकलच्या गुणदानात एक ओळ घालावी: उत्तराचे मार्क कमी, चूक किती असेल या अंदाजाचे जास्त. आणि परीक्षेला येणाऱ्या एक्स्टर्नलनं व्हायवात पहिला प्रश्न "व्हॅल्यू किती आली?" असा विचारू नये. "किती चुकली असेल, आणि कशावरून म्हणतोस?" असा विचारावा. ज्याचं नेमकं ९८० आलंय, त्याला स्टॉपवॉच हातात देऊन वीस आंदोलनं समोर मोजायला लावावीत.